डाव्या आट्याची सायकल

सैन्यात मी बावीस वर्षं होतो आणि त्यातली एकवीस वर्षं माझ्या हातात पाना होता. मी व्हेईकल मेकॅनिक. शत्रूचा एकही माणूस माझ्या नावावर नाही. गाड्या पुष्कळ आहेत, पण त्या आपल्याच, आणि बहुतेक पुन्हा चालू झालेल्या. शाळेत सव्वीस जानेवारीला बोलावतात तेव्हा मुलं विचारतात, "आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं?" मी त्यांना एका सायकलची गोष्ट सांगतो. मुख्याध्यापकांचा चेहरा जरा उतरतो. मुलं मात्र ऐकतात, म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

१९७० साली माझी बदली नगरला झाली. माझं घर भिंगारला, वर्कशॉपपासून चालत वीस मिनिटांवर. असं पोस्टिंग मिळालं की बराकीत लोक विचारतात, "कोणाचे पाय धरलेस?" मी कोणाचे धरले नव्हते. आईने मात्र भिंगारमधल्या सगळ्या देवांचे धरले असणार. दिवस ठरलेला होता. साडेपाचला उठायचं, सहाला पी.टी., साडेसातला वर्कशॉप, संध्याकाळी चारला हत्यारं जमा. एखादा पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत सेक्शनमधला कोणीही जागचा हलायचा नाही.

त्याच वर्षी लान्स नायक पुंजाराम वाबळे आमच्या सेक्शनला आला. कोपरगावकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि वीतभर उंच. पहिल्याच दिवशी त्याने माझा पाना भलत्याच खिळ्याला टांगला आणि मी त्याला फैलावर घेतलं. माझा स्वभाव तेव्हा तिखट होता. आता दात पडल्यामुळे तितका जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर हत्यारांच्या फळीवर पुंजाने पांढऱ्या रंगाने प्रत्येक हत्याराची आकृती काढून ठेवली होती.

"बोरुडे, हे ज्याचं त्याचं घर," तो म्हणाला. "आता कोन घरी आलं न्हाई ते लांबूनच दिसंल."

त्या दिवसापासून आमचं जमलं.

पुंजाची एकच तक्रार असायची, ती शनिवारची. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. घरी वडील आणि बायको यमुना, दोघंच. आई तो लहान असतानाच गेलेली. पास मिळायचा शनिवारी दुपारी दोनपासून रविवारी रात्री नऊपर्यंत. एस.टी.ने कोपरगाव गाठायला चार तास. तिथून त्याचं गाव पाच मैल, कच्चा रस्ता, गोदावरीच्या कडेकडेने. गाडी नाही, घोडं नाही.

"पोचतो तवा यमुना भांडी घासून बसलेली असती," तो म्हणायचा. "ती बोलायला लागती तवा माझी निघायची येळ हुती."

सायकल न्यावी तर कंडक्टर टपावर चढवू द्यायचे नाहीत. तेव्हा मला सुचलं की सायकल कापावी. ऐकून पुंजाने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

भिंगारच्या जुन्या बाजारातून आम्ही जाड नळ्यांची एक जुनाट सायकल आणली. बेत सोपा होता. फ्रेमची वरची आणि खालची नळी मधोमध कापायची. कापलेल्या तोंडांवर स्क्रूला असतात तसे आटे पाडायचे आणि दोन्ही सांध्यांवर कॉलर बसवायचे. कॉलर म्हणजे आतून आटे असलेली लोखंडी कडीच. कॉलर सोडले की सायकलचे दोन भाग होणार. पुढच्या भागात हँडल आणि एक चाक. मागच्या भागात सीट, पायडल, चेन आणि दुसरं चाक. भिंगारच्या शिंप्याकडून जुन्या ताडपत्रीच्या दोन मोठ्या पिशव्या शिवून घेतल्या. आमच्या सुभेदार साहेबांनी रविवारी आटे पाडायचं लेथ मशीन वापरायला परवानगी दिली. ते पंजाबकडचे. म्हणाले, "फ्रेम टूटी तो सबसे पहले मैं हँसूँगा."

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नटबोल्टचे आटे सहसा उजवे असतात. उजवीकडे फिरवलं की घट्ट, डावीकडे फिरवलं की सैल. हे कुणाला शिकवावं लागत नाही, हाताला माहीत असतं. पण काही ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांना डाव्या आट्याचे नट असतात, म्हणजे सगळं उलट. चाक फिरता फिरता नट सैल होऊ नयेत म्हणून ही सोय. शनिवारी मी असेच डाव्या आट्याचे बोल्ट केले होते. रविवारी लेथ तशीच उलटी लावलेली राहिली आणि मी सायकलचा खालचा सांधा करून मोकळा झालो. सुभेदार साहेबांनी कॉलर चढवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बोरुडे, उल्टी चूड़ी काट दी तूने."

लष्कराच्या हिंदीत आट्याला चूडी म्हणतात. सात वर्षं लेथवर काढलेला माणूस मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळी पुन्हा कापली असती तर आखूड पडली असती. पुंजा मात्र पोट धरून हसत होता.

"राहू दे, राहू दे," तो म्हणाला. "वरला उजवा, खालला डावा. चोराच्या बापाला सोडवायचा न्हाई. जितकं सोडाया जाईल तितकं घट्ट बसंल."

वरचा सांधा मी नीट उजवा केला. दोन्ही कॉलरवर आणि शेजारी नळीवर पंचने एकेक ठिपका मारला. ठिपक्याला ठिपका भिडला की सांधा बसला समजायचं, त्यापुढे एक केसही फिरवायचा नाही. मागचा ब्रेक काढूनच टाकला, कारण त्याची तार सांध्यातून नेता येईना. पुंजाने घड्याळ लावून सराव केला. पहिल्या दिवशी जोडायला अकरा मिनिटं लागली. महिन्याभरात तो तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर आला.

पहिल्या शनिवारी मी त्याच्याबरोबर गेलो. आपण केलेली वस्तू रस्त्यावर कशी चालते ते पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. कंडक्टरने दोन्ही पिशव्या पाहिल्या.

"काय हाय?"

"कपडे," पुंजा म्हणाला. तेवढ्यात गाडीने खड्डा घेतला आणि पिशवीत घंटी वाजली.

"कपड्यास्नी घंटी कवापासून लावायला लागले मिलिटरीत?"

"आजच सुरू केलंय, मास्तर."

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला.

पुंजाच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. बुटके, काटक, बोलायला कमी. आम्ही अंगणात पोहोचलो तेव्हा तात्या उसाला पाणी देऊन आले होते. सायकल एकदा खोलून दाखवली, पुन्हा जोडून दाखवली. तात्यांनी सगळं उकिडवं बसून पाहिलं आणि मग म्हणाले, "आता मी." वरचा कॉलर त्यांनी सहज सोडला. खालच्याशी मात्र त्यांचं जमेना. जोर लावत राहिले आणि तो घट्ट होत राहिला.

"ह्यो असा उलट्या काळजाचा कसा काय?"

"तात्या, त्यो डावा आटा हाय," पुंजा म्हणाला. "बोरुडेची करनी. सोडायचा म्हनलं की आवळल्यावानी फिरवायचा."

दाराशी उभ्या असलेल्या यमुनावहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यानंतर दर खेपेला तात्या हट्टाने खालचा कॉलर स्वतः सोडायला बसत आणि दर खेपेला चुकत. सत्तर वर्षांचे हात होते, ते आपल्याच सवयीने फिरणार. पुंजा त्यांना कधी घाई करायचा नाही. त्यांनी हात टेकले की फक्त म्हणायचा, "डावा, तात्या."

वर्षभर असं चाललं. ऑक्टोबर १९७१ मध्ये पुंजा दहा दिवसांच्या रजेवर गेला. चौथ्या दिवशी तार आली: ताबडतोब हजर व्हा. त्याच सकाळी रस्त्यात बैलगाडीला वाट देताना सायकल पाटाच्या चारीत गेली होती आणि पुढचं चाक धरणारा फोर्क वाकला होता. निघताना त्याने मागचा भाग घरी ठेवला आणि वाकलेला पुढचा भाग दुरुस्तीला म्हणून बरोबर घेतला. तात्यांना सांगितलं, "पुढला भाग नीट करून मीच घेऊन येतो. तवर मागला कुनाला देऊ नका."

वर्कशॉपला पोहोचला तेव्हा आम्ही गाड्या भरत होतो. फोर्क सरळ करायला सवड कुठली? पुढचा भाग माझ्या भिंगारच्या घरी, ओसरीवर ठेवला. आईने विचारलं, "हे अर्धं काय आणलंय?" पुंजा म्हणाला, "मावशी, अर्धंच हाय. बाकीचं घरी हाय."

डिसेंबरमध्ये आम्ही पश्चिम सीमेवर होतो. भोवती उसाचीच शेतं होती. पुंजा म्हणायचा, ऊस बरा आहे, पण यांना बांध घालता येत नाहीत. आमची दुरुस्ती तुकडी लहान, बारा माणसांची. काम नेहमीचंच, फक्त घाई होती आणि डोक्यावरून गोळे जात होते. आठ दिवसांत आम्ही एकोणीस गाड्या चालू केल्या. जेवण मिळेल तेव्हा, झोप गाडीखाली. पुढे बोलावणं आलं तर कोणी जायचं याच्या पाळ्या लावलेल्या होत्या. ज्या सकाळची गोष्ट सांगतो त्या सकाळी पहिली पाळी माझी होती.

सकाळचे ६.४०. धुकं दाट होतं. आमचे कॅप्टन साहेब रेडिओ सेटपाशी होते. पुढच्या प्लाटूनचा संदेश आला.

"ॲम्ब्युलन्स गाड़ी फँसी है. आठ सौ गज. बायाँ पिछला पहिया. अंदर चार ज़ख़्मी. नट जाम हैं, नहीं खुलते. ओव्हर."

पुंजा शेजारी चहा पीत होता. म्हणाला, "जाम न्हाईत. डावं चाक हाय. सोडतोय म्हनून आवळत बसला असंल." कॅप्टन साहेबांनी सेट त्याच्याकडे दिला.

"उल्टी चूड़ी है. दाहिने घुमाओ. ओव्हर."

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "नहीं हिलता. ओव्हर."

ड्रायव्हरने पान्यावर उभं राहून आपल्या सगळ्या वजनाने नट आवळून ठेवले होते. आता त्या पान्याला लांब दांडा हवा होता. आमच्याकडे चार फुटी पाइप होता, पान्यात अडकवला की अडलेला नटही हलायचा. तो घेऊन कोणीतरी जायला हवं होतं.

"बोरुडे," कॅप्टन साहेब म्हणाले.

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. उभा राहिलो तेव्हा पाइप पुंजाच्या खांद्यावर होता.

"पाळी माझी आहे," मी म्हणालो.

"तू चिडून नट मोडशील. ही कामं गोडीगुलाबीची. सेट धर."

"वाबळे, पाळी माझी आहे."

"मग म्होरली माझी तू घे."

तो धुक्यात शिरला. मी त्याचा दंड धरू शकलो असतो, तो हाताच्या अंतरावर होता. मी धरला नाही. मला भीती वाटत होती आणि त्याने पाइप उचलला तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे मी पुढे पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही.

६.५८ ला प्लाटूनच्या सेटवरून त्याचा आवाज आला. "चाक बसलं. निघतोय. ओव्हर."

रेडिओवर 'ओव्हर' म्हणजे माझं बोलून झालं, आता तुझं उत्तर येऊ दे. बोलणं कायमचं संपवायचं असेल तर 'आउट' म्हणतात. मी उत्तर द्यायला बटण दाबलं आणि गोळे पडायला लागले. धुकं विरत होतं, गाडी शत्रूला दिसली असावी. सेट खरखरला आणि बंद पडला.

७.१० ला ॲम्ब्युलन्स आमच्या ठिकाणी आली. आतले चारही जखमी जिवंत होते. पुंजा ड्रायव्हरशेजारी बसला होता, पाइप दोन्ही गुडघ्यांत उभा धरलेला. बरगडीखाली स्प्लिंटर, गोळ्याचा तुकडा, लागला होता. डॉक्टर साहेबांनी नाडी पाहिली आणि त्याचा हात अलगद खाली ठेवला. त्याचे शेवटचे शब्द काय होते असं लोक विचारतात. वर लिहिलेत तेच. संध्याकाळी तिथेच अंत्यसंस्कार झाले.

फेब्रुवारीत आम्ही नगरला परतलो. पाइप मी फळीवर त्याच्या आकृतीत टांगला. ओसरीवर पुढचा भाग होता, त्याच्यावर आईने धूळ बसू दिली नव्हती. मी फोर्क सरळ केला. मग चाकाच्या तारा आवळल्या. मग रंग दिला. मग मला रंग आवडला नाही म्हणून खरवडून पुन्हा दिला. दोन शनिवार आले आणि गेले. आई म्हणाली, "अजून किती दिवस रंगवणार आहेस ते?"

तिसऱ्या आठवड्यात यमुनावहिनींचं पत्र आलं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पत्र माझ्याकडे अजून आहे, त्यातलं एवढंच लिहितो.

"भाऊजी, सरकारची तार आली, पेटी आली. तात्या पेटी उघडू देत नाहीत. म्हणतात, पुंजा पुढचा भाग घेऊन येतो म्हणाला आहे, तो एवढ्याशा पेटीत मावायचा नाही, म्हणजे पेटी दुसऱ्याची. दहावं केलं नाही. रोज संध्याकाळच्या गाडीला कोपरगावला जातात. बाया म्हणतात कुंकू पूस, तात्या म्हणतात खबरदार. मला घरात रडायला बंदी आहे. विहिरीवर रडावं तर तिथे बाया असतात. पुढचा भाग तुमच्याकडे असेल तर घेऊन या."

मी ते पत्र वर्कशॉपमध्ये लेथपाशी उभा राहून वाचलं आणि त्याच शनिवारी निघालो.

पुढचा भाग ताडपत्रीच्या पिशवीत घातला. घंटीला रुमाल बांधला. गाडी संध्याकाळी सव्वासहाला कोपरगावच्या स्टँडवर थांबली. तात्या लिंबाच्या झाडाखाली उभे होते, फेटा नीट बांधलेला. मी उतरलो. त्यांनी मला पाहिलं, पिशवी पाहिली आणि चेहरा उजळला. मग ते माझ्या मागे पाहायला लागले. एकेक माणूस उतरत होता. एक म्हातारी, तिची कोंबडी, दोन विद्यार्थी, साखर कारखान्याचा कामगार. शेवटी कंडक्टर उतरला आणि त्याने दार ओढून घेतलं.

"मागल्या गाडीनं हाय का पुंजा?" तात्यांनी विचारलं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. निघालं ते भलतंच. "घरी चला, तात्या. जोडून देतो."

पिशवी त्यांनी मला उचलू दिली नाही. पाच मैल खांद्यावर नेली. उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या, आम्ही कडेने चालत होतो. तात्यांनी सगळ्या वाटेत एकच गोष्ट विचारली: फोर्क कितपत वाकला होता. मी सांगितलं. ते म्हणाले, "त्या चारीला म्या दगड लावलाय आता."

घरी कंदील लावलेला होता. वहिनींनी पाणी दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मागचा भाग आढ्याला दोरीने टांगलेला होता. तात्यांनी तो उतरवला. चेनला करडईचं तेल घातलेलं, टायर पुसलेला, सीटला जुन्या धोतराचं फडकं. आठवड्याला एकदा तेल घालत असणार. खालचा कॉलर मात्र मागे जाऊन, आटे संपतात तिथे नळीला घट्ट चिकटला होता.

"आट्यात तेल सोडावं म्हनून काढाया गेलो," तात्या म्हणाले. "जितका सोडावा तितका आवळत गेला. मग ठिवला तसाच. म्हनलं पुंजा आल्यावर बगू."

मी दोन्ही भाग जमिनीवर समोरासमोर ठेवले. पाना लावला. पाना निसटला. तेव्हा तात्यांनी माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला आणि जोर लावला, नेहमीसारखाच चुकीच्या बाजूला.

"डावा, तात्या," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. हे शब्द त्या अंगणात दुसऱ्याच आवाजात बोलले जायचे. आम्ही दोघांनी मिळून पाना उलटा फिरवला. कॉलर कुरकुरला आणि सुटला. मग मी भाग जुळवले, वरचा कॉलर बसवला, खालचा बसवला. ठिपक्याला ठिपका भिडला. सायकल उभी केली. किती मिनिटं लागली ते मी पाहिलं नाही.

तात्या सायकलीला फेरी मारून आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"पुंजा म्हनला हुता, पुढला भाग मीच आनतो."

"हो."

"त्यो सबूद मोडनारा न्हाई."

"नाही."

"मग तू का आनलास?"

आता पळायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं. धुकं, नट, पाइप. पाळी माझी होती आणि तो गेला. मी हात धरू शकलो असतो आणि धरला नाही. त्याला माझ्या डोळ्यांदेखत अग्नी दिला. "तात्या, तो येणार नाही. म्हणून मी आणला."

मला वाटलं आता हाकलतील, आणि हाकललं असतं तर मी तोंडातून शब्द न काढता गेलो असतो.

"त्या गाडीचं चाक बसलं का?" त्यांनी विचारलं.

"बसलं."

"आत किती मानसं हुती?"

"चार."

"जगली?"

"चारही जगली."

तात्यांनी मान हलवली, एखादं काम नीट झाल्यावर हलवतात तशी. मग माझ्या खांद्याला धरून उठले. म्हणाले, "त्यो लहानपनापासून दुसऱ्याची पाळी वढायचा. पाटाच्या पान्याला बी. तुजा दोस न्हाई, लेकरा." आणि दाराकडे वळून, मोठ्याने नाही, रोजच्या आवाजात म्हणाले, "यमुना, पोरी, रड आता."

वहिनी चौकटीतच खाली बसल्या. तीन महिन्यांचं रडणं होतं. तात्या त्यांच्याजवळ जाऊन बसले, डोक्यावर हात ठेवून. मी सायकल धरून उभा होतो. मीही रडलो. डिसेंबरपासून पहिल्यांदाच.

सकाळी पेटी उघडली. त्यातल्या अस्थींची पुरचुंडी गोदावरीत सोडली आणि विधी झाले. कुंकवाचा विषय बायकांनी काढला तेव्हा तात्या म्हणाले, "तिचं कुंकू, तिचं ती ठरवंल." वहिनी आजही बारीकसं लावतात.

मी दुपारच्या गाडीला निघालो तर तात्या अंगणात सायकल खोलत बसलेले. खालच्या कॉलरशी आले, थांबले, विचार केला आणि पहिल्या झटक्यात बरोबर फिरवला. पुढचा भाग त्यांनी ताडपत्रीच्या पिशवीत घातला आणि माझ्या खांद्याला अडकवला.

"तात्या, हे काय? सायकल तुमची आहे."

"मागला हितं राहू दे. पुढला तुज्याकडं. म्हंजी तुला यावं लागंल."

तेव्हापासून वर्षातून एकदा तरी मी जातो. पोस्टिंग आसामला होतं तेव्हाही रजा त्याच हिशेबाने घेतली. तात्या पुढे आठ वर्षं जगले. आता मागचा भाग वहिनी सांभाळतात आणि जोडण्यात त्यांनी मला केव्हाच मागे टाकलं आहे. टायर दोनदा बदलले, सीट नवी आहे. आटे अजून तेच, एक उजवा, एक डावा.

लान्स नायक पुंजाराम वाबळे, व्हेईकल मेकॅनिक. सायकल जोडून झाली की वहिनी एकदा घंटी वाजवतात. मी अंगणात उभा राहून त्याला कळवतो, "पोचलो, पुंजा. ओव्हर." आउट मी कधी म्हणत नाही.